एक प्लिंथ, चार जण: राज्यातल्या ज्येष्ठ फिजिओथेरपिस्टना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रात वीस-पंचवीस वर्षं किंवा त्याहून अधिक काळ प्रॅक्टिस करणारे सर्व ज्येष्ठ फिजिओथेरपिस्ट यांस,

सर आणि मॅडम, सादर नमस्कार.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी पाहिलंय. तुम्ही मला पाहिलं असण्याची शक्यता कमी, कारण मला नेहमी मागची रांग मिळते. पुणे, मुंबई, कोल्हापूर, एकदा पणजी. हॉटेलचा हॉल, गारठवणारा एसी, स्टेजवर प्लिंथ, म्हणजे पेशंट तपासायची गादीवाली खाट, प्लिंथवर बावीस वर्षांचा कुणी इंटर्न शर्ट काढून पालथा झोपलेला, आणि तुम्ही त्याच्या कंबरेवर चौथा-पाचवा मणका शोधताय. मागून काही दिसत नाही म्हणून कॅमेरा लावलेला असतो. पडद्यावर तुमचे अंगठे फूटभर मोठे होतात. मग तुम्ही म्हणता, “आता जोड्या करा आणि एकमेकांवर करून बघा.” शेजारची मुलगी माझ्या पाठीवर अंगठे टेकवते आणि विचारते, “बरोबर आहे का गं?” मला काय माहीत! माझी पाठ दुखत नसते, तिला किती दाबायचं ते ठाऊक नसतं, आणि तुम्ही त्या वेळी हॉलच्या दुसऱ्या टोकाला असता. पाठी दोनशे, शिकवणारे अंगठे दोन. मग चहा, मग सर्टिफिकेट, मग ग्रुप फोटो.

नऊ वर्षांत अशा सोळा कार्यशाळा केल्या. सर्टिफिकेटं लॅमिनेट करून क्लिनिकच्या भिंतीवर लावली आहेत. सोबत आलेल्या नातेवाइकांना वाचायला काहीतरी लागतंच.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते. दोन प्लिंथ, मान-कंबर ताणायचं एक ट्रॅक्शन टेबल, दोन-चार मशीन आणि दिवसाला पंधरा-वीस पेशंट. तुमच्याकडे मला काहीतरी मागायचं आहे, पण त्याआधी माझी एक चूक सांगते. ती लपवून मागणं मांडलं तर ते पोकळ वाटेल.

2022चा पावसाळा. टेम्पो चालवणारा एकतीस वर्षांचा एक तरुण उजवा गुडघा दुखतो म्हणून आला. हातात डॉक्टरांची चिठ्ठी, गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल. मी गुडघा तपासला, अगदी नीट तपासला. लिगामेंटच्या टेस्ट, मेनिस्कसच्या म्हणजे गुडघ्यातल्या गादीच्या टेस्ट, वाटी हलवून पाहिली. मांडीचा पुढचा स्नायू थोडा बारीक झाला होता. झालं माझं निदान. अकरा सिटिंग केल्या. आधी शेक, मग आयएफटी म्हणजे मशीनचा सौम्य विद्युतप्रवाह, मग टेप, आणि चौथ्या दिवसापासून भिंतीला पाठ लावून अर्ध्या बैठका. तो रोज यायचा आणि रोज म्हणायचा, “ताई, तेवढ्यापुरतं बरं वाटतंय.” ‘तेवढ्यापुरतं’ हा शब्द मी चांगल्या अर्थाने घेतला.

त्या वर्षी आम्ही चौघं जण कोल्हापूरला एका मॅडमकडे एक रविवार सोडून जायला लागलो होतो. सकाळी नऊ ते एक. त्यांची अट एकच होती: येताना बरी न झालेली केस आणायची, बरी झालेली नाही. मी टेम्पोवाल्याची फाइल नेली. मॅडमनी मला फक्त हिस्ट्री वाचायला लावली, तपासणी आणि उपचार नाहीत. नंतर चौघांना एकेक कोरा कागद दिला. तीन शक्यता लिहा, जिच्यावर पैसे लावाल ती वर. प्रत्येकीपुढे लिहा की ती खोटी ठरवायला काय तपासाल. बोलायचं नाही.

माझ्या कागदावर वाटीमागचं दुखणं, मेनिस्कस आणि कंबरेतून येणारी कळ. इचलकरंजीचा एक मुलगा, पास होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, त्याने पहिल्याच ओळीवर लिहिलं होतं: खुबा.

मॅडमनी त्याला विचारलं, कशावरून? तो म्हणाला, “ताईंनीच वाचलं ना, जेवायला मांडी घालता येत नाही म्हणून आणि मोजा घालताना बायको मदत करते म्हणून. गुडघा एवढा वाकतोय तर मोजा का घालता येऊ नये?”

माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं ते. मी ते लिहिलं आणि गुडघ्याच्या खात्यावर टाकून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी टेम्पोवाल्याला उताणं झोपवलं, खुबा आणि गुडघा नव्वदात वाकवला आणि पाय आतल्या बाजूला फिरवायला गेले. फिरेचना. त्याने जांघेत हात नेला आणि म्हणाला, “हां, हेच दुखतंय, पण गुडघ्यात.” त्याच आठवड्यात त्याला ऑर्थोपेडिक सर्जनकडे पाठवलं. एमआरआयमध्ये खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा खुंटल्याचं निघालं, ज्याला आपण एव्हीएन म्हणतो. सर्जननी पहिला प्रश्न विचारला तो कोविडचा. 2021च्या लाटेत तो अठरा दिवस दवाखान्यात होता आणि भरपूर स्टिरॉइड घेतली होती. कोविडनंतर असे खुबे घेऊन तरुण पेशंट यायला लागल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021मध्येच सांगितलं होतं, वर्तमानपत्रांत आलं होतं. मी ती बातमी वाचली होती, आणि तरी त्याला कोविडबद्दल एका शब्दाने विचारलं नव्हतं. खुब्याच्या अशा गोळ्यावर भार कमी करायचा असतो. मी त्याच्याकडून अर्ध्या बैठका काढून घेत होते.

खुबा बिघडला की दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं, कारण दोन्ही सांध्यांना त्याच नसांच्या फांद्या जातात. हे मला येत नव्हतं का? येत होतं. तिसऱ्या वर्षाला त्यावर टीप लिहिली होती आणि मार्कही मिळाले होते. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलंड यासाठी विटांच्या भिंतीची उपमा देत. भिंतीच्या एका बाजूला पुस्तकातलं सगळं ज्ञान, दुसऱ्या बाजूला समोर बसलेल्या माणसाचं बोलणं आणि अंग. भिंतीला फटी असतात आणि विचार त्यांतून सतत इकडून तिकडे जायला हवा. आम्हा बहुतेकांच्या भिंतीला फटीच पडलेल्या नाहीत. त्या व्याख्यानाने पडत नाहीत. कुणीतरी शेजारी बसून विचारावं लागतं, “मोजा का घालता येत नाही?”

म्हणून हे पत्र. दोनशे जणांच्या हॉलमध्ये तुम्ही मला तंत्र देता. तुम्ही विचार कसा करता, कुठे थांबता, कुठे मत बदलता, ते मला तिथे दिसत नाही. ते तुमच्या क्लिनिकमध्ये, मंगळवारी संध्याकाळी, आठव्या पेशंटच्या वेळी दिसतं. आणि तिथे आम्ही नसतो.

तुम्ही म्हणाल, मग इंटर्नशिपमध्ये काय केलंत? खरं सांगते. आमच्या वेळी पदवी साडेचार वर्षांची होती, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. ओपीडीत सकाळी रांग दारापर्यंत. इंटर्न म्हणजे मशीन लावणारा हात. पॅड ओले कर, पट्टा बांध, घड्याळ लाव, पंधरा मिनिटांनी काढ, पुढचा. लॉगबुकवर सह्या होत गेल्या. शिकवणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या, पण त्या एकट्या आणि आम्ही चौदा. 2025मध्ये सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाने आणलेल्या नव्या अभ्यासक्रमात पदवी पाच वर्षांची झाली आहे आणि पूर्ण एक वर्ष इंटर्नशिपला दिलं आहे. चांगलंच आहे. पण सहा महिने पॅड ओले करण्याऐवजी बारा महिने पॅड ओले केले, तर हाताला नवीन काय येणार?

आणि पास झाल्यावर तर विचारणारं कुणी राहतच नाही. माझी पहिली नोकरी एका दवाखान्यात होती, पगार अकरा हजार. माझ्या वर फिजिओथेरपिस्ट म्हणून कुणीच नव्हतं. पहिल्या दिवसापासून मीच ज्येष्ठ, मीच कनिष्ठ. चुकलं तर पेशंट येईनासा होतो. येईनासा झालेला पेशंट बरा झाला की वैतागला हे कळायला मार्ग नसतो, मग आपण बरा झाला असं धरून चालतो. अशी नऊ वर्षं काढली की माणूस अनुभवी म्हणवला जातो.

आता हाताबद्दल. हे मला जास्त लिहायचं आहे.

मॅडमच्या दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी टेबलावर एक न्हाणीघरातला वजनकाटा होता आणि एक नवी कोरी कोल्हापुरी चप्पल. आम्हाला वाटलं, मॅडमची खरेदी राहिली असेल. आधी वजनकाटा. “कंबरेच्या मणक्यावर ग्रेड टू करताना जेवढं दाबतेस तेवढं याच्यावर दाब.” ग्रेड म्हणजे मणका हाताने किती हलवायचा त्याच्या ठरलेल्या पायऱ्या. मी काट्याकडे न बघता दाबलं. सतरा किलो. इचलकरंजीवाल्याचे चार. तिसरी पंचवीसवर गेली. पुस्तकात ग्रेड टू एकच आहे, आणि आमच्या तीन जणांत एकवीस किलोंचा फरक! गेली कित्येक वर्षं पेशंटच्या फाइलीत मी बिनधास्त ‘ग्रेड टू’ लिहीत होते. काट्यावरच्या आकड्याला स्वतंत्र अर्थ नाही हे मलाही कळतं, मणका म्हणजे काटा नव्हे. पण त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की माझ्या हाताला मी कधी प्रश्नच विचारला नव्हता.

मग चप्पल. मॅडमनी ती आमच्या हातात देऊन तळ वाकवायला सांगितला. नव्या चपलेचा तळ जरा वाकतो, मग आवळत जातो, मग अडतो. पण अडतानाही किंचित देतो, लाकडासारखा खटकन थांबत नाही. “हे ध्यानात ठेवा,” त्या म्हणाल्या. “गोठलेला खांदा बाहेर फिरवताना शेवटी असा लागतो.” ब्रिटनचे डॉक्टर जेम्स सायरियॅक्स यांनी सांध्याच्या शेवटी हाताला काय लागतं, याचे प्रकार पाडले. हाडावर हाड आदळणं, कातड्यासारखा ताण, स्प्रिंगसारखं उडून येणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हाताला काहीच न अडता पेशंटने वेदनेने थांबवणं. हे सगळं मला पाठ होतं. हातात मात्र ते त्या चपलेनंतर आलं. त्यानंतर मॅडमनी एका खऱ्या पेशंटचा खांदा धरला, माझा हात त्यावर ठेवला, माझ्या हातावर त्यांचा हात ठेवला आणि फिरवत नेला. “इथे पहिलं आवळणं. कळलं? आता ती श्वास रोखतेय, थांब. आता परत.” ती बाई श्वास रोखतेय हे मला कळलंच नव्हतं. माझं सगळं लक्ष सांध्यात होतं.

आमच्या गावात बाजारपेठेच्या मागे एक हाडवैद्य आहेत. त्यांच्याविषयी माझी मतं कडक आहेत. फ्रॅक्चर असलेला हात त्यांनी ओढला आणि मला महिनाभर निस्तरावं लागलं, असंही झालंय. पण त्यांचा मुलगा शिकताना मी पाहिला आहे. बाप त्याच्या मनगटावर हात ठेवून बसायचा. अक्षरशः मनगटावर. पदवी घेऊन आम्हाला जे मिळालं नाही ते त्या पोराला बापाच्या ओसरीवर मिळालं. त्यांचं शास्त्र चुकीचं आहे. शिकवण्याची रीत आमच्यापेक्षा बरी आहे. हे लिहिताना मला फार बरं वाटत नाही.

आपल्या विद्येची सुरुवात तरी कुठे मोठ्या हॉलमध्ये झाली? 1950च्या दशकाच्या आरंभी मुंबईत केईएममध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं विद्यालय उभं राहिलं. तो पोलिओचा काळ. पोलिओने लुळा पडलेला पाय उचलताना त्यात किती जीव उरलाय हे हातालाच कळायचं, आणि तो हात कुणीतरी शेजारी उभं राहून घडवायचा.

हातांवर एवढा जोर का, असं आताच्या पिढीतले काही जण विचारतील. मणका चाचपून निदान करताना दोन तपासणाऱ्यांचं एकमत फारसं होत नाही, हे संशोधनात अनेकदा दिसलंय. मॅन्युअल थेरपीने, म्हणजे हाताने केलेल्या उपचाराने, मणका ‘जागेवर बसतो’ हे तर आता कुणीच शहाणा म्हणत नाही. मान्य. मीही पेशंटला “मणका सरकलाय” असं सांगणं बंद केलंय आणि त्यापायी दोन पेशंट घालवलेत. पण हात म्हणजे फक्त मणके दाबणं नव्हे. लकवा झालेल्या आजीला खाटेवरून खुर्चीत घेताना तिच्या लुळ्या खांद्याला ओढ बसू न देणं, ताठरलेल्या पायात वेग वाढवला की ताठरपणा वाढतो हे जाणवणं, धाप लागलेल्या माणसाच्या बरगड्यांवर तळवा ठेवून कुठली बाजू हलत नाही ते ओळखणं, हे सगळं हाताचं काम आहे. आणि जिथे हात न लावणं बरं, तिथे तो मागे घेणं हेसुद्धा. तेही कुणी शिकवलेलं नाही.

2025च्या सप्टेंबरात, फिजिओथेरपिस्टने नावाआधी ‘डॉ.’ लावायचं की नाही यावरून दिल्लीहून एक पत्र आलं आणि लगोलग मागेही घेतलं गेलं. तेवढ्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चारशे मेसेज पडले होते. मीही पाच-सहा टाकले, खोटं कशाला बोलू. त्याच ग्रुपवर त्याच आठवड्यात एकाने लिहिलं होतं, “मान दुखते, दोन्ही हातांत मुंग्या, चालताना तोल जातो, काय करू?” त्याला दोन उत्तरं आली. एक होतं ‘सर्व्हायकल ट्रॅक्शन’, म्हणजे मान ताणणं. मज्जारज्जूवर दाब असण्याची शक्यता उघड दिसतेय आणि आमच्यातला एक जण ट्रॅक्शन सुचवतोय. आधी रिफ्लेक्स बघ, हॉफमनची बोटांची चाचणी बघ, न्यूरोसर्जनकडे पाठव, हे मी त्याला फोन करून सांगितलं. पण तो विचारायला कुठे गेला होता? चारशे जणांच्या ग्रुपवर. त्याला चार जणांचा गट आणि एक ज्येष्ठ असता, तर तो तिथे गेला असता.

मागणं असं आहे. तुमच्यापैकी प्रत्येकाने चार जण घ्यावेत, फार तर पाच. सहावा आला की दोन जण गप्प बसायला लागतात, हे मी दोन्हीकडे बसून पाहिलंय. महिन्यातून दोनदा, तीन-चार तास, निदान वर्षभर. तेच चार जण, वर्षभर. कारण पहिले दोन महिने आम्ही तुमच्यासमोर हुशारी दाखवण्यात घालवणार, आणि चुका बाहेर यायला तिसरा महिना उजाडतो. खरा पेशंट हवा, त्याची मनापासून परवानगी हवी, त्या दिवशी त्याच्याकडून पैसे घेऊ नयेत आणि त्याचं दुखणं लगेच भडकणारं असेल तर चौघांनी मिळून तो खांदा पिळू नये. एकाने तपासावं, बाकीच्यांनी बघावं. हात लावण्याआधी कागदावर शक्यता लिहून घ्या, कारण लिहिलेलं नसलं की नंतर सगळेच म्हणतात, “मलाही तेच वाटलं होतं.” आणि महिन्याभराने तोच पेशंट पुन्हा काय म्हणतो ते गटाला कळलंच पाहिजे. या एका गोष्टीत बहुतेक गट ढिले पडतात. आमचाही पडला होता.

आणि तुमच्या चुका दाखवा. हे मागताना संकोच होतो, पण याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांची गोष्ट आपण सगळे सांगतो. 1956मध्ये त्यांचा एक पाय दुखणारा पेशंट चुकून अशा टेबलावर पालथा झोपला ज्याचा डोक्याकडचा भाग आधीच्या पेशंटसाठी उचललेला होता. कंबर मागे वाकलेली, त्या काळी जे अगदी वर्ज्य मानत तेच. मॅकेन्झी आत आले आणि हादरले. पेशंट म्हणाला, पाय दुखायचा थांबलाय. कार्यशाळेत ही गोष्ट चमत्कारासारखी सांगतात. मला त्यातली वेगळी जागा आवडते: त्यांनी ती गडबड झाकली नाही, पेशंटला दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झोपवून पाहिलं. तुमच्याकडेही अशा गडबडी असणार. स्लाइडवर त्या कधी येत नाहीत.

तुमच्या अडचणी मला माहीत नाहीत असं नाही. वेळ नाही, हे खरं आहे. फुकट करा असं मी म्हणत नाही. आम्ही दोन दिवसांच्या कार्यशाळेला आठ-दहा हजार भरतो, तेच तुम्हाला वर्षभरात देऊ. हात आला की पोरं समोरच्या गल्लीत क्लिनिक टाकतात, ही धास्तीही मी ऐकली आहे, एका सरांनी तोंडावर बोलून दाखवली. तर सर, लांबची पोरं घ्या. माझ्या तालुक्यातून तुमच्या गल्लीत कुणी येणार नाही; एसटीने दोन तास लागतात.

एक भीती मात्र मलाच आहे. छोट्या गटाचा पंथ व्हायला वेळ लागत नाही. एकच सर, एकच पद्धत, प्रत्येक पाठीला तेच औषध, आणि शंका काढणारा हळूहळू गटाबाहेर. असे गट मी पाहिले आहेत. म्हणून वर्षातून दोन-तीनदा गटांची अदलाबदल व्हावी. मॅकेन्झीवाल्यांकडे मेटलंडवाल्यांनी बसावं, न्यूरोवाल्यांनी खांदेवाल्यांकडे. चार तासांत भांडण झालं तर उत्तम.

हे पत्र आपल्या राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेतल्या पदाधिकाऱ्यांच्याही वाचण्यात यावं. मॅन्युअल थेरपीची जागतिक संघटना इफॉम्प्ट, तिच्या मानकांत तज्ज्ञ होऊ पाहणाऱ्याला कमीत कमी 150 तास ज्येष्ठाच्या देखरेखीखाली पेशंट तपासावे लागतात. पेशंट, शिकणारा आणि बघणारा ज्येष्ठ, तिघं एका खोलीत. आपल्याकडे शिकत राहिल्याबद्दल मिळणाऱ्या क्रेडिट पॉइंटचा विषय निघाला की डोळ्यांपुढे हॉलच येतो. चार जणांच्या गटात वर्षभर बसलेल्या तासांचीही तशीच नोंद व्हावी. कागद काय लागतील ते सांगा, हजेरी, केसची नोंद, ज्येष्ठाची सही, जे म्हणाल ते देऊ. फक्त ‘किमान पन्नास सहभागी’ असली काही अट घालू नका.

कोल्हापूरच्या मॅडम आता मुलाकडे परदेशी असतात. आमचे रविवार अडीच वर्षं चालले. टेम्पोवाला अजून येतो, ऑपरेशन झालं, टेम्पो विकून त्याने किराणा दुकान घातलं. माझ्यावर राग नाही म्हणतो. मी अजून त्याच्याकडून फी घेत नाही. त्याचं कारण त्याने विचारलेलं नाही.

चौघांपैकी आम्ही तिघं उरलोय. पावसाळा संपला की पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, दुपारी दोन ते पाच, माझं क्लिनिक रिकामं ठेवणार आहे. जागा माझी, चहा माझा, येण्या-जाण्याचा खर्च आमचा. चौथं कुणीतरी नवीन घेऊ, शक्यतो नुकतं पास झालेलं.

पहिला पेशंट ठरलाय. अठ्ठेचाळीस वर्षांचा गवंडी, उजवा खांदा, चार महिने. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, हात मागे पाठीकडे जात नाही. साखर तपासून घेतली, नॉर्मल आहे. एक्स-रेही काढून घेतला, त्यात काही नाही. फाइलीत मी ‘फ्रोझन शोल्डर’ लिहिलंय, पेन्सिलने. कारण बाहेर फिरवताना हात अडतो खरा, पण चपलेसारखा अडत नाही. दर वेळी वेगळ्या जागी अडतो. त्याला बोलण्यात गुंतवलं की दहा-पंधरा अंश पुढे जातो. खांदा गोठलाय, की तोच घाबरून आवळून धरतोय, की मानेतलं काही आहे, मला ठरवता येत नाही. त्याला सांगून ठेवलंय की एक मोठे सर किंवा मॅडम बघायला येणार आहेत. कोण, ते अजून सांगितलेलं नाही.

आपली,
हॉलमध्ये मागच्या रांगेत बसणारी एक फिजिओथेरपिस्ट
जिल्हा सांगली